लँडिंग लाइट लावले की ऑइल टेंपरेचर आठ डिग्रीने चढतं? सेन्सर बदलायच्या आधी हे वाचा

दोन्ही लँडिंग लाइट लावले, ऑइल टेंपरेचर ८ डिग्री वर. बंद केले, परत खाली. आता दिवे लावल्याने इंजिनातलं पाच-सहा लिटर तेल दोन सेकंदात तापत नाही हे कळायला काही इंजिनिअर व्हावं लागत नाही, पण तरी अशा वेळी बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर सेन्सर बदलतात. मी पण तेच केलं. एक बदलला, मग तो नवा पण खराब निघाला असेल म्हणून दुसरा बदलला, दोघांनी लाइट लावला की इमानेइतबारे ८ डिग्री चढवून दाखवले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. शेवटी निघालं काय, तर इंजिनवरून फायरवॉलला (इंजिन आणि कॉकपिटमधली पत्र्याची भिंत) येणाऱ्या ग्राउंड स्ट्रॅपच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या जाड पट्टीच्या, थिंबलखाली (टोकाची कडी) रंगाचा थर होता, कधीतरी फायरवॉल रंगवली तेव्हा तेवढी जागा खरवडायची राहून गेली होती. बस एवढंच. पॉलिश पेपरचा एक तुकडा आणि दहा मिनिटं.

म्हणून छोट्या विमानात, म्हणजे एक इंजिन, दोन-चार सीट, १४ किंवा २८ व्होल्टची सिस्टिम, सेन्सरचं रीडिंग उडायला लागलं की कुठून सुरू करायचं ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय. फिल्टर, फेराइट (वायरीवर चढवायचा, नॉइज अडवणारा मणी), शिल्डेड केबल (धातूच्या जाळीत गुंडाळलेली) वगैरे विकत आणायच्या आधी हे करा, निम्म्याहून जास्त वेळा काही विकत आणावंच लागत नाही असा माझा तरी अनुभव आहे.

पाना हातात घ्यायच्या आधी

रीडिंग खोटं आहे हे सिद्ध होईपर्यंत ते खरंच धरायचं. तापमान एका झटक्यात बदलू शकत नाही, सिलिंडर हेड म्हणजे अॅल्युमिनियमचा मोठा गोळा आहे तो एका सेकंदात ४० डिग्री चढत-उतरत नाही, त्यामुळे तिथे उडी दिसली की ती विजेची भानगड आहे असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. पण ऑइल प्रेशरचं तसं नाही. प्रेशर खरोखर एका क्षणात जाऊ शकतं. हवेत असताना ऑइल प्रेशर पडलं तर "सेन्सरच असेल" म्हणत बसू नका, जवळची धावपट्टी गाठा, वायरिंगचा विचार खाली उतरल्यावर.

दुसरं म्हणजे मॅग्नेटो, प्लगला ठिणगी देणारा. मॅग्नेटो बंद होतो तो त्याची पी-लीड ग्राउंड झाल्यावर. म्हणजे ती वायर तुटली, सुटली, किंवा तुम्ही नॉइज शोधायच्या नादात काढून ठेवली, तर मॅग्नेटो चालू आहे, चावी खिशात असली तरी. अशा वेळी प्रोपेलर हाताने हलवला तर इंजिन फायर होऊ शकतं. काउलिंगमध्ये, म्हणजे इंजिनवरच्या झाकणाच्या आत, हात घालताना प्रोपेलर कायम चालू मॅग्नेटोचा आहे असं समजूनच उभं राहायचं.

आणि विमान सर्टिफाइड असेल तर शोधाशोध तुम्ही करा पण वायर कापणं, जोडणं, कपॅसिटर टाकणं हे लायसन्सवाल्या इंजिनिअरच्या हाताने आणि लॉगबुकात नोंद करूनच. स्वतः बांधलेल्या विमानाला मोकळीक जास्त असते, पण नोंद तिथेही ठेवाच.

कधी उडतं ते आधी लिहून काढा

वही-पेन घ्या. खरंच घ्या, डोक्यात ठेवू नका, कारण पाचव्या स्विचनंतर तिसऱ्याला काय झालं होतं ते आठवत नाही.

पहिला राउंड इंजिन बंद, फक्त बॅटरीवर. मास्टर ऑन करा, सगळ्या सेन्सरचे आकडे लिहा. मग एकेक गोष्ट चालू करायची, १० सेकंद थांबायचं, आकडे बघायचे, बंद करायची, पुढची. नॅव्ह लाइट, स्ट्रोब, लँडिंग लाइट, पिटो हीट (वेग मोजणाऱ्या नळीचा हीटर), फ्युएल पंप, ट्रिमची मोटर, फ्लॅप, ट्रान्सपाँडर, यूएसबी चार्जर. चार्जर विसरू नका, स्वस्तातला चार्जर म्हणजे छोटंसं रेडिओ स्टेशनच असतं. पिटो हीट मात्र पटकन, जमिनीवर गार हवा लागत नाही त्याला, आणि हात लावून गरम झालाय का ते बघायचा मोह आवरा.

दुसरा राउंड इंजिन चालू, पण अल्टरनेटर बंद. स्प्लिट मास्टर, म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटरचे वेगळे स्विच, असेल तर फक्त अल्टरनेटरची बाजू बंद करायची. बॅटरीची बाजू बंद करून अल्टरनेटर एकटा चालू ठेवायचा नाही, व्होल्टेज उसळून पॅनेलवरची महागडी स्क्रीन जाऊ शकते. आता आकडे लिहा. मग अल्टरनेटर चालू, परत आकडे. मग परत एकेक लोड. मग मॅग्नेटो एकेक करून. मग रेडिओवर बोलायचं बटण दाबून. या राउंडला दोन माणसं पाहिजेत, एकाने ब्रेक आणि इंजिन बघायचं, दुसऱ्याने फक्त आकडे, चाकांना चोक लावलेले, आणि कोणीही पुढे जायचं नाही.

एवढं केलं की निम्मा तपास झाला. रीडिंग लोडबरोबर सरकतं आणि तिथेच थांबतं, म्हणजे पायरी चढल्यासारखं, तर ग्राउंड. आरपीएमबरोबर थरथर वाढते तर अल्टरनेटर किंवा इग्निशन. बटण दाबलं की उडतं तर रेडिओ. फक्त खड्ड्यात, धक्क्यात किंवा ठराविक आरपीएमच्या कंपनात उडतं आणि कुठल्याच स्विचला दाद देत नाही, तर इंटरफिअरन्स विसरा, कुठेतरी कनेक्शन लूज आहे, प्रत्येक क्रिंप (दाबून बसवलेलं वायरीचं टोक) हलक्या हाताने ओढून बघा.

ग्राउंड, ग्राउंड आणि परत ग्राउंड

याच्यावर जास्त लिहितोय कारण खरी गंमत इथेच आहे.

बरेच ऑइल टेंपरेचर आणि प्रेशर सेंडर, म्हणजे इंजिनवर बसलेले सेन्सर, एका वायरचे असतात. एक वायर गेजकडून येते, आणि परतीचा रस्ता म्हणजे सेंडरचा धातूचा आटा, तो बसलाय इंजिनात, इंजिन स्ट्रॅपने फायरवॉलला, फायरवॉलवरून पॅनेलच्या ग्राउंडला. गेज काय मोजतं, तर त्याची ती एक वायर आणि त्याचं स्वतःचं ग्राउंड यांच्यातला व्होल्टेज. आता अल्टरनेटर पण त्याच इंजिनवर बसलाय आणि त्याचा सगळा परतीचा करंट त्याच स्ट्रॅपमधून येतो. स्ट्रॅपचा रेझिस्टन्स अगदी ०.०१ ओहम धरा, ३० अँपिअर वाहिले तर ०.३ व्होल्ट पडले. म्हणजे इंजिनचं ग्राउंड आणि पॅनेलचं ग्राउंड एक नाहीच, मध्ये ०.३ व्होल्टचा फरक आहे, आणि बिचारं गेज तो फरक सेंडरच्या नावावर टाकून मोकळं होतं. ०.५ ते ४.५ व्होल्ट देणारा प्रेशर सेन्सर इंजिनवरच ग्राउंड केला असेल तर त्याच्या ४ व्होल्टच्या पट्ट्यात ०.३ म्हणजे साडेसात टक्के. १० बारच्या सेन्सरवर पाऊण बार.

माझ्या केसमध्ये हिशोब असा बसला. खराब जोडाचा रेझिस्टन्स ६ मिलिओहम, दोन्ही लाइट मिळून १५ अँपिअर, म्हणजे लाइट लावले की ९० मिलिव्होल्टची भर. अल्टरनेटर करंट देतो तेव्हा इंजिनची बॉडी पॅनेलच्या ग्राउंडपेक्षा खाली जाते. सेंडर थर्मिस्टरचा होता, गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, म्हणजे व्होल्टेज कमी दिसला की गेजला वाटतं तापलं. ९० डिग्रीच्या पुढे त्या गेजमध्ये साधारण ११ मिलिव्होल्टला १ डिग्री. करा भागाकार, ८ डिग्री. आणि खरं सांगायचं तर उत्तर मला आधीच मिळालं होतं पण दिसलं नाही. हँगरमध्ये बॅटरीवर लाइट लावून बघितले होते, काहीच हललं नव्हतं, तर मी "वायरिंग ठीक आहे, सेन्सरच गेलाय" म्हणून मोकळा. अरे पण बॅटरीवर लाइट लावले की तो करंट इंजिनच्या स्ट्रॅपमधून जातच नाही! बॅटरीतून निघून फायरवॉलवरून बॅटरीत परत. स्ट्रॅपमधून करंट जातो तो अल्टरनेटर चालू असताना. म्हणून हा फरक वहीत लिहायचा: इंजिन बंद असतानाही रीडिंग सरकतं तर पॅनेलच्या ग्राउंडचा रस्ता खराब आहे, गेज आणि लाइट एकाच बारीक वायरवर परत जातायत. फक्त अल्टरनेटर चालू असताना सरकतं तर इंजिनचा स्ट्रॅप.

मोजायचं कसं? मल्टीमीटर ओहमवर ठेवून स्ट्रॅप मोजू नका, मीटरच्या स्वतःच्या वायरचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ ओहम असतो, त्यात ६ मिलिओहम काय दिसणार. व्होल्टेज मोजायचा. इंजिन बंद, मॅग्नेटो बंद असताना क्रँककेसवरच्या एखाद्या स्वच्छ बोल्टला एक लांब वायर लावा, एक्झॉस्टपासून आणि हलणाऱ्या गोष्टींपासून लांब बांधून आत कॉकपिटमध्ये घ्या, मीटर मांडीवर. दुसरं टोक गेजच्या कनेक्टरच्या ग्राउंड पिनला. जवळच्या नट-बोल्टला नाही, पिनलाच. डीसी मिलिव्होल्ट रेंज, इंजिन चालू करा, सगळे लोड लावा. माझा अंदाज असा की १०-२० मिलिव्होल्टपर्यंत ठीक, ५० च्या वर गेलं तर शोधा, १०० च्या वर म्हणजे सापडलंच समजा. आमच्याकडे १८० दिसले होते, घासल्यावर १२.

मग मीटरचं एक टोक तिथेच ठेवून दुसरं एकेक जोड पुढे सरकवत जायचं. इंजिन ते स्ट्रॅपचं थिंबल, थिंबल ते फायरवॉल, फायरवॉल ते बॅटरी निगेटिव, बॅटरी निगेटिव ते पॅनेल. प्रत्येक वेळी इंजिन बंद करून वायर हलवायची, कंटाळवाणं आहे पण फिरत्या प्रोपेलरमागे प्रोब धरून उभं राहण्यापेक्षा बरं. ज्या जोडावर व्होल्टेज पडतोय तो चोर.

एक शॉर्टकट पण आहे, स्टार्टर मारताना शंभर-दोनशे अँपिअर जातात, तेव्हा स्ट्रॅपच्या दोन टोकांत किती पडतात ते बघा, खराब स्ट्रॅप लगेच उघडा पडतो. आणि स्ट्रॅप फारच खराब असेल तर तो करंट दुसरा रस्ता शोधतो, थ्रॉटलच्या केबलमधून, मिक्श्चरच्या केबलमधून, सेन्सरच्या शिल्डच्या जाळीतून. केबल काळी पडलेली किंवा जड चालायला लागलेली दिसली तर हे आठवा.

दुरुस्ती साधी. रंग, अॅनोडायझिंग, गंज सगळं काढून चकचकीत धातू, टिन केलेलं थिंबल, स्टार वॉशर, नीट टॉर्क, आणि वरून गंज लागू नये म्हणून कोटिंग. जोडाच्या आत नाही, जोड घट्ट झाल्यावर वरून. बाँडिंग जंपरसाठी (दोन धातूचे भाग जोडणारी पट्टी) अमेरिकेच्या एफएएच्या ४३.१३-१बी या दुरुस्तीच्या सर्क्युलरमध्ये ०.००३ ओहमची मर्यादा आहे, तेवढी गाठता येते. आणि शक्य असेल तर गेजची, सेन्सरची ग्राउंड वायर वेगळी काढून बॅटरीच्या निगेटिवजवळ एकाच पॉइंटला आणा, तिच्यावर लाइट, पंप, काही बसवू नका. फायबरच्या विमानात तर बॉडी करंट नेतच नाही, तिथे प्रत्येकाला परतीची वायर द्यावीच लागते आणि मग लोकं वायर वाचवायला एकाच वायरवर पाच जण बसवतात. तिथेच घोळ.

सेन्सर चांगला आहे का गेज, हे कसं कळणार

सेन्सर काढून त्याच्या जागी खोटा सेन्सर लावायचा. पीटी-१०० (तापमानाबरोबर रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) असेल तर १०० ओहमचा रेझिस्टर, गेजने ० डिग्री दाखवायला पाहिजे, १३८.५ ओहम लावला तर १०० डिग्री. थर्मोकपल (दोन धातूंचा जोड, तापला की बारीक व्होल्टेज देतो) असेल तर गेजच्या त्या चॅनेलच्या दोन पिनांमध्ये छोटी वायर टाकून शॉर्ट करा, गेजने स्वतःच्या आसपासचं तापमान दाखवायला पाहिजे. आता या खोट्या सेन्सरवर परत लाइट, रेडिओ, अल्टरनेटर करून बघा. रेझिस्टर गेजच्या मागे लावला तरी आकडा उडतोय तर दोष गेजमध्ये किंवा त्याच्या सप्लायमध्ये, वायर आणि सेन्सर सुटले. गेजजवळ स्थिर पण सेन्सरच्या टोकाला रेझिस्टर लावल्यावर उडतोय तर मधली वायर काहीतरी पकडतेय. दोन्हीकडे स्थिर तर सेन्सर किंवा त्याचं ग्राउंड.

दुसरी युक्ती, जी मला फार आवडते. गेजचा प्लस-मायनस विमानातून काढून एका वेगळ्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवायचा, जमिनीवर. नॉइज गेला तर तो सप्लायच्या वायरीतून येत होता, अल्टरनेटरकडे बघा. तसाच राहिला तर हवेतून किंवा सेन्सरच्या वायरीतून येतोय.

चार सिलिंडरपैकी एकाचंच तापमान विचित्र असेल तर त्याची आणि शेजारच्याची वायर अदलाबदल करा. दोष सेन्सरबरोबर गेला का चॅनेलवर राहिला? पाच मिनिटांचं काम आहे पण लोक करत नाहीत.

थर्मोकपलचं वेगळंच असतं

के टाइप थर्मोकपल एका डिग्रीला फक्त ४१ मायक्रोव्होल्ट देतं. मायक्रो! म्हणजे १ मिलिव्होल्टची चूक झाली की २४ डिग्री गेले. त्यामुळे याला कोणताही वारा लागतो. टोक बॉडीला जोडलेलं, म्हणजे ग्राउंडेड टाइपचं असेल तर वर सांगितलेला इंजिन-पॅनेलमधला फरक याच्यातही घुसू शकतो, कितपत घुसतो ते गेजवर अवलंबून. टोक अलग असलेलं प्रोब मिळत असेल तर तेच घ्या.

पण माझ्या मते थर्मोकपलमध्ये इंटरफिअरन्सपेक्षा जास्त लोक जोडामुळे फसतात. वायर कमी पडली म्हणून मध्ये साधी तांब्याची वायर जोडली, झालं कल्याण. तांब्याचा जोड काउलिंगमध्ये ७० डिग्रीला आणि गेज पॅनेलमध्ये ३० डिग्रीला असेल तर रीडिंग ४० डिग्री कमी दाखवणार, आणि काउलिंग जसजसं तापेल तसतशी ही चूक वाढत जाणार. कमी दाखवणं जास्त वाईट, कारण सिलिंडर भाजत असतो आणि आपण खूश. वाढवायची तर त्याच टाइपची थर्मोकपल वायरच वापरा, के ला के, जे ला जे. आणि अमेरिकन रंगात लाल वायर म्हणजे निगेटिव, के मध्ये पिवळी प्लस, जे मध्ये पांढरी प्लस. लाल म्हणजे प्लस ही सवय इथे घात करते.

अल्टरनेटरची किणकिण आणि इग्निशनची टकटक

हेडसेटमध्ये आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी ऐकू येते आणि गेजचा शेवटचा आकडा सारखा नाचतो, तर अल्टरनेटर. सहा डायोडपैकी एक जरी गेला तरी चार्जिंग चालूच राहतं, व्होल्टमीटर बरोबर दाखवतो, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही, पण डीसीवर स्वार झालेला एसी वाढतो. मीटर एसी व्होल्टवर ठेवून मेन बसवर (सगळ्यांना सप्लाय देणारी मुख्य पट्टी) मोजा, १,५०० आरपीएमच्या वर, थोडा लोड लावून. ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी म्हणजे ठीक, ०.५ कडे गेला तर डायोड तपासून घ्या. स्वस्त मीटर मात्र एसी रेंजवर डीसीलाच एसी म्हणून दाखवतात, प्रोब उलटसुलट करून बघा, आकडा खूप बदलला तर मीटर थापा मारतोय. रोटॅक्स ९१२ इंजिनमध्ये परमनंट मॅग्नेटचा जनरेटर आणि बाहेरचा रेग्युलेटर असतो, तिथे २२,००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर लावतात, तो जुना होऊन वाळला की नॉइज वाढतो. अल्टरनेटर नीट असेल आणि तरी किणकिण राहिली तरच फिल्टर. खराब डायोडवर फिल्टर लावणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली.

इग्निशनची खूण वेगळी. चार सिलिंडर फोर-स्ट्रोक, २,४०० आरपीएमला एक मॅग्नेटो सेकंदाला ८० ठिणग्या टाकतो, त्यामुळे शिट्टी नाही, टरटर ऐकू येते. आरपीएमचा आकडा मध्येच उसळी मारतो, कारण गेज पल्स मोजतं आणि त्याला जास्तीचे पल्स मिळतात. फ्युएल फ्लोचंही तसंच, तिथेही पल्सच मोजतात, त्यामुळे खोट्या पल्सने खप जास्त दिसतो. तपासायला सोपं, मॅग्नेटो चेक करतानाच बघा, एका बाजूला घेतल्यावर आकडा शांत झाला तर जी बाजू बंद झाली तिच्यात दोष. मग त्या बाजूच्या प्लगच्या वायरीची जाळी, दोन्हीकडचे नट घट्ट आहेत का, आणि पी-लीडची शिल्ड. पी-लीडची शिल्ड मॅग्नेटोच्या बॉडीला जोडायची आणि दुसरं टोक स्विचच्या ग्राउंड टर्मिनलला, स्विचजवळ परत बॉडीला चिकटवायची नाही. हे काम झाल्यावर मॅग्नेटो खरंच बंद होतो का ते चेक केल्याशिवाय काउलिंग लावू नका.

आणि सेन्सरच्या वायरी प्लगच्या वायरींबरोबर एकाच टायने बांधू नका. दिसायला सुंदर दिसतं, मान्य. पण लांब ठेवा, ओलांडायच्या असतील तर काटकोनात.

बटण दाबलं की उडतं

विमानाचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये चालतो. त्याची पाव वेव्हलेंथ येते ५५ ते ६४ सेंटिमीटर. आता पॅनेलपासून फायरवॉलपलीकडे जाणाऱ्या सेन्सरच्या वायरी किती लांब असतात बघा. बरोबर, तेवढ्याच. म्हणजे नकळत तुम्ही मस्त अँटेना बसवलेली असते. वर विमानाचा रेडिओ एएम आहे, त्यामुळे बोलताना आवाजाबरोबर आकडा हलतो, नुसतं बटण दाबून गप्प बसलं तर एका जागी सरकून थांबतो. ११८, १२७, १३६ च्या आसपास, रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर, आधी ऐकून मग थोडक्यात दाबून बघा, एका टोकाला जास्त आणि दुसऱ्याला काहीच नाही असं झालं तर वायरीची लांबीच जुळतेय.

इथला सगळ्यात उपयोगी टेस्ट म्हणजे डमी लोड. अँटेनाची केबल रेडिओच्या मागून काढून तिथे ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाच्या जागी सिग्नल गिळणारा रेझिस्टर, लावा आणि बटण दाबा. गोंधळ थांबला तर सिग्नल अँटेनाकडून किंवा तिच्या केबलच्या बाहेरच्या जाळीवरून परत येतोय. नाही थांबला तर रेडिओच्या सप्लाय वायरीतून. पहिल्या केसमध्ये अँटेनाचं बूड बघा, बॉडीला स्वच्छ बसलंय का, केबलचा कनेक्टर नीट क्रिंप आहे का, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप) किती. फायबरच्या विमानात अँटेनाखाली ग्राउंड प्लेन नसेल तर केबलची जाळीच अँटेनाचं काम करते आणि पॅनेलमध्ये सगळीकडे आरएफ, म्हणजे रेडिओची लहर, पसरवते, तिथे तांब्याची पट्टी किंवा पत्रा लावल्याशिवाय कितीही फेराइट घातले तरी उपयोग शून्य.

हे झाल्यावर मग फेराइट, गेजच्या कनेक्टरला जितकं जवळ लावता येईल तितकं, वायर दोन-तीनदा ओवून. व्हीएचएफला चालणारं मटेरियल घ्या, पॉवर सप्लायमधून काढलेलं कुठलंही नको. गेजच्या पिनवर ०.०१ मायक्रोफॅरॅडचा सिरॅमिक कपॅसिटरही चांगला, पण पाय अगदी आखूड, दोन इंच पाय ठेवले तर व्हीएचएफला तो असून नसल्यासारखा.

जाता जाता, जीपीएस ठराविक फ्रिक्वेन्सीवर बोलतानाच गायब होत असेल तर १२१.१७५ ला १३ ने आणि १३१.२७५ ला १२ ने गुणून बघा. दोन्ही १,५७५ च्या पुढे थोडेच येतात, आणि जीपीएस बसलाय १,५७५.४२ मेगाहर्ट्झवर. म्हणजे रेडिओचा हार्मोनिक थेट त्याच्या डोक्यावर. तिथे दोन्ही अँटेना एकमेकींपासून लांब नेणं किंवा रेडिओच्या लाइनवर नॉच फिल्टर (तेवढीच फ्रिक्वेन्सी कापणारा).

शिल्डची जाळी कुठे जोडायची

यावर भांडणं होतात. सेन्सरचा मंद सिग्नल आणि अल्टरनेटर-इग्निशनसारखा नॉइज असेल तर शिल्ड एकाच टोकाला, गेजच्या बाजूला, दुसरं टोक कापून हीटश्रिंक लावून बंद. दोन्हीकडे जोडली तर इंजिन-पॅनेलचा फरक त्या जाळीतून करंट वाहवतो आणि जाळीच नॉइज आणते. रेडिओच्या आरएफसाठी मात्र दोन्हीकडे जोडलेली शिल्ड जास्त चांगली, म्हणून दोन्ही पाहिजे असेल तर इंजिनच्या टोकाला छोट्या कपॅसिटरमधून जोडतात. आणि सेन्सरची परतीची वायर म्हणून शिल्ड कधीच वापरायची नाही, जाळीच्या आत दोन पिळलेल्या वायरी घ्या.

हेडिंग फिरतंय तर

विमानाची दिशा (हेडिंग) दाखवणाऱ्या सेन्सरला, मॅग्नेटोमीटरला, विजेचा नॉइज नाही, चुंबक त्रास देतो, त्यामुळे शिल्ड, फेराइट इथे काही कामाचं नाही. १० अँपिअरची एकटी वायर १० सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र तयार करते, आणि पृथ्वीचं स्वतःचं जागेप्रमाणे २५ ते ६५. म्हणजे पिटो हीटची वायर सेन्सरशेजारून गेली तर हेडिंग कुठच्या कुठे जाईल. विमान उभं ठेवा, लोखंडी गोष्टींपासून लांब, हेडिंग लिहा, एकेक लोड लावा, किती डिग्री सरकलं ते लिहा. उपाय म्हणजे जाणारी आणि येणारी वायर एकत्र पिळून न्यायची, दोघींचं क्षेत्र एकमेकांना मारतं. परतीचा करंट बॉडीतून येत असेल तर हे होत नाही, म्हणून विंगटिपमध्ये सेन्सर असेल तर तिथल्या नॅव्ह लाइटला स्वतःची ग्राउंड वायर द्या. नाहीच जमलं तर सेन्सर हलवा. जवळचे स्टीलचे स्क्रू पितळेचे किंवा चुंबकाला न चिकटणारे करा, नुसतं स्टेनलेस लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका, लोहचुंबक लावून बघा, पण सेन्सरपासून लांब नेऊन.

दुरुस्ती झाली की पहिल्या राउंडपासून सगळे स्विच परत तसेच मारा आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहा, कारण एक गोष्ट बरी करताना दुसरी बिघडते, विशेषतः ग्राउंड हलवलं असेल तर. मग चांगल्या हवेत, दिवसा, फील्डच्या जवळ एक चक्कर. इंजिन ते पॅनेल सगळे लोड लावून किती मिलिव्होल्ट आले तो आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर तारखेसकट लिहितो, दर वार्षिक इन्स्पेक्शनला परत मोजतो. आमचे १२ होते, पुढच्या वर्षी १४, आणि गेल्या वेळी २६ झाले. रीडिंगवर अजून काही दिसत नाही पण स्ट्रॅप परत काढून घासायला घेतलाय.